तिकिटाचं अर्धुक: पी. के. नायर यांच्या आयुष्याचा प्रकरण अभ्यास

१९७४ साली तिरुवनंतपुरमच्या कमलालय बुक डेपोत पडून असलेली एका मूकपटाची रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली. चित्रपट होता 'मार्तंड वर्मा'. अठराव्या शतकात त्रावणकोरचं राज्य उभं करणाऱ्या राजावर सी. व्ही. रामन पिळ्ळै यांनी लिहिलेली कादंबरी १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली होती, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावरून हा चित्रपट निघाला. कादंबरीचे हक्क कमलालयकडे होते. वाद कोर्टात गेला, खेळ बंद पडले, प्रिंट प्रकाशकाच्या ताब्यात गेली आणि चार दशकं तिथेच राहिली. त्या काळातले जे मूकपट गावोगाव चालले, ते झिजले, तुटले आणि शेवटी भंगारात गेले. हा अडकला म्हणून वाचला. त्याच शहरात जे. सी. डॅनियल यांनी त्याआधी काढलेल्या 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम चित्रपटाची आज एकही प्रत उरलेली नाही.

ही रिळं ज्या संग्रहालयात आली, तिथला संग्रह वाढवण्याचा भार तेव्हा परमेश कृष्णन नायर यांच्या खांद्यावर होता. त्यांचा जन्म त्याच तिरुवनंतपुरमचा, ६ एप्रिल १९३३ चा. म्हणजे आपण जन्मलो त्या सुमाराचा, आपल्याच गावच्या इतिहासावरचा चित्रपट त्यांनी चाळिशीत पोचल्यावर पुण्यात आणून ठेवला.

लहानपणीच्या आवडी आयुष्य घडवतात, असं आपण सहज बोलून जातो. नेमक्या कशा घडवतात, हे तपासायला मला नायर यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं दिसत नाही. सिनेमाचं वेड असलेली मुलं पुढे दिग्दर्शक झाली, नट झाली, समीक्षक झाली, याचे दाखले भरपूर आहेत. इतिहासाची ओढ असलेली मुलं प्राध्यापक झाली, गडकोट पालथे घालू लागली, हेही आपण पाहतो. एकाच मुलात या दोन्ही गोष्टी असल्या आणि दोन्ही सारख्याच जोराच्या असल्या, तर त्यातून काय निघतं? नायर यांच्या बाबतीत देशाचा चित्रपट-संग्रह निघाला.

वाळू, पडदा आणि खिशातला कागद

१९४० च्या दशकाची सुरुवात. तंबूतलं थिएटर, जमिनीवर पांढरी वाळू, समोर पडदा. आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्या वाळूवर बसून, कधी आडवा होऊन तमिळ पौराणिक चित्रपट बघतो. के. सुब्रह्मण्यम यांचे 'अनंतशयनम', 'भक्त प्रह्लाद' हे त्याच्या आठवणीतले पहिले सिनेमे. तिरुवनंतपुरमचं दैवत शेषावर पहुडलेला पद्मनाभ. म्हणजे 'अनंतशयनम' हे नावच त्या मुलाच्या रोजच्या जगातलं. देवळात दिसणारी गोष्ट इथे हलत होती, बोलत होती, गात होती.

इथवर त्याच्यात आणि त्या तंबूतल्या इतर पोरांत काहीच फरक नाही. फरक खेळ सुटल्यावर सुरू होतो. हा मुलगा तिकिटाचं अर्धुक टाकून देत नसे, जपून ठेवत असे. वजनाच्या यंत्रात नाणं टाकलं की नटनट्यांचं चित्र असलेलं कार्ड बाहेर पडायचं, तीही त्याने गोळा केली.

या एका सवयीपाशी मी मुद्दाम थांबतो आहे, कारण माझ्या मते सगळं प्रकरण हिच्यात आहे. नटाचा फोटो जपणं समजण्यासारखं आहे. त्यात चेहरा असतो, कौतुक असतं. तिकिटात काय असतं? रंग उडालेला कागद, एक आकडा, थिएटरचा शिक्का. सिनेमाचं सौंदर्य त्यात औषधालाही नसतं. असतो तो फक्त पुरावा: हा खेळ झाला आणि मी तिथे होतो. पावती, दाखला, दप्तर, हे सगळं त्याच जातीचं. इतिहासाची ओढ म्हणजे सनावळ्या पाठ असणं, असं शाळेने आपल्या मनावर बिंबवलं आहे. खरी ओढ मात्र घडून गेलेल्या गोष्टीची खूण हातून सुटू नये, या अस्वस्थतेत असते. ती अस्वस्थता त्या मुलाला होती, आणि ती सिनेमाबद्दल होती. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो आणि पडद्यावर मागे काहीच उरत नाही. ज्याला खूण हवी असते त्याने खिशात काहीतरी घेऊनच बाहेर पडायला हवं.

भोवतालचा काळही तसाच होता. मुलगा चौदा वर्षांचा असताना देश स्वतंत्र झाला. सोळाव्या वर्षी त्रावणकोर संस्थान कोचीनशी जोडलं गेलं आणि नकाशावरून वेगळं नाव म्हणून पुसलं गेलं. तेविसाव्या वर्षी केरळ राज्य झालं. आपण ज्या राज्यात जन्मलो ते राज्य आता फक्त कागदपत्रांत आहे, हा अनुभव त्या पिढीतल्या अनेकांच्या वाट्याला आला. सांगली, औंध, कोल्हापूर इथल्या जुन्या घरांतल्या माणसांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मुंबई

१९५३ मध्ये विज्ञानाची पदवी घेऊन नायर मुंबईला आले. आले ते चित्रपट दिग्दर्शक व्हायला. मेहबूब खान, बिमल रॉय, हृषीकेश मुखर्जी यांच्याजवळ राहून काम बघण्याची, शिकण्याची संधी त्यांना मिळाली. ही नावं वाचून कुणालाही वाटेल की गाडी रुळावर होती.

पण त्यांना कळून चुकलं की दिग्दर्शकाला लागतं ते आपल्याजवळ नाही. आपला जीव चित्रपट घडवण्यापेक्षा चित्रपटाच्या अभ्यासात रमतो. आयुष्याचा आलेख काढताना आपण अशा टप्प्यावर 'अपयश' लिहितो आणि पुढे जातो. मला ते मान्य नाही. मुंबईतल्या त्या वर्षांत दोन आवडींची फारकत झाली आणि कुठली किती खोल आहे ते उघड झालं. निव्वळ सिनेमाचं वेड असतं तर ते स्टुडिओच्या दारात राहिले असते, चौथा सहायक म्हणून का होईना. त्या वेडाच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, म्हणून ते बाहेर पडू शकले आणि बाहेर पडूनही सिनेमापासून दूर गेले नाहीत.

सरकारी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या जाँ भावनगरी यांनी त्यांना पुण्याच्या नव्या फिल्म इन्स्टिट्यूटला पत्र लिहायला सुचवलं. १९६१ मध्ये ते तिथे संशोधन सहायक म्हणून रुजू झाले. ही संस्था १९६० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात सुरू झाली होती. प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली आणि १९५० च्या दशकात बंद पडली. 'संत तुकाराम'ने १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळवला, तो याच स्टुडिओचा चित्रपट. इतिहासाची नजर असलेल्या माणसाला नोकरीसाठी याहून योग्य जागा देशात नव्हती. जो अभ्यास शिकवायचा, त्याचा ऐवज पायाखालीच होता.

विद्यार्थ्यांना चित्रपट शिकवायचा तर चित्रपट दाखवायला हवेत, आणि दाखवायला प्रती हव्यात. या साध्या अडचणीतून संग्रहालयाची गरज पुढे आली. फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. १९६५ मध्ये नायर तिथे सहायक क्युरेटर झाले. इन्स्टिट्यूटचा एक कोपरा म्हणून न राहता ते स्वतंत्र कार्यालय म्हणून उभं राहावं, यासाठी झटणाऱ्यांत ते पुढे होते.

हाती काय लागलं

तोवर भारतीय सिनेमाला पन्नास वर्षं होऊन गेली होती. किती उशीर झाला होता, हे समजायला फिल्म ही वस्तू काय आहे ते थोडं पाहावं लागेल.

१९५० च्या सुमारापर्यंत व्यावसायिक चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या पट्टीवर निघत. ही पट्टी पेटली की विझत नाही, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच बाहेर पडतो. पाण्याखालीसुद्धा ती जळत राहते. पेटली नाही तरी ती आपोआप सडते. आधी चित्र फिकं पडतं, मग पट्टी चिकट होते, फेस आल्यासारखी फुगते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. उकाडा आणि दमटपणा जितका जास्त, तितकी ही वाटचाल जलद. आपल्या हवेत वेगळं काय होणार? त्यावर आणखी एक संकट होतं. कृष्णधवल फिल्मच्या लेपात चांदी असते. खेळ संपलेली, कुणाला नको असलेली प्रिंट विकली की चांदी काढणारा ती धुऊन घ्यायचा आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या, पिशव्या व्हायच्या. निर्मात्याच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं. गोदामाचं भाडं चालू होतं आणि जुन्या सिनेमाला गिऱ्हाईक नव्हतं. प्रत सरकारी संग्रहात जमा केलीच पाहिजे, असा पुस्तकांसारखा कायदाही चित्रपटाला नव्हता.

परिणाम आपल्या दारात आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढले. त्यांचा 'सिंहगड' १९२३ चा, शिवकालावरचा. मराठी माणसाला तानाजी पडद्यावर पहिल्यांदा कसा दिसला, हे आज कुणालाही बघता येत नाही. 'सावकारी पाश'च्या मूकपटाची तीच गत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, त्यात काय काय गेलं याचा हिशेब वेगळाच. देशभरात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि त्यांतले मूठभर शिल्लक आहेत. हे आठवलं की मला आजही पोटात तुटल्यासारखं होतं.

अशा वेळी नायर डबे शोधत निघाले. नाशिकला दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबाकडून त्यांना 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'ची रिळं मिळाली. पहिला भारतीय कथापट म्हणून आपण ज्याचं नाव घेतो तो 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. तो चार रिळांचा होता. संग्रहालयात आहेत ती पहिलं आणि शेवटचं. तीही मूळ १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हा मतभेद मला फार मोलाचा वाटतो. रिळं हाती आहेत म्हणूनच वाद घालता येतो. 'सिंहगड'बद्दल वाद घालायलाही काही उरलेलं नाही.

१९१९ च्या 'कालिया मर्दन'चे तुकडे त्यांनी क्रम लावून जोडले. कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. फाळक्यांचा आज सर्वांत सलग पाहता येतो असा चित्रपट तोच. तो सलग आहे, कारण कुणीतरी टेबलावर बसून, कुठला तुकडा कशानंतर येतो, याचा विचार केला. पुराभिलेखागारात सुटी पानं जुळवणाऱ्याचं हे काम. सिनेमाचं नुसतं प्रेम असलेला माणूस ते चार दिवसांत सोडून देईल आणि सिनेमा न कळणाऱ्या इतिहासकाराला ते जमणारच नाही.

आणि मग 'आलम आरा'. पहिला भारतीय बोलपट, १९३१ चा, अर्देशर इराणी यांचा. नायर वृद्ध इराणींना भेटले. दोन-तीन रिळं कुठेतरी असतील, असं इराणी म्हणाले. त्यांच्या मुलाने नायर यांना बाजूला घेऊन सांगितलं की वडिलांना माहीत नाही, पण चांदी काढून ती रिळं मीच निकालात काढली. नायर ही गोष्ट पुढे सांगत असत. 'आलम आरा' आजतागायत मिळालेला नाही.

मिळालेल्यांची यादी मात्र मोठी आहे. बॉम्बे टॉकीजचे 'अछूत कन्या', 'कंगन', 'बंधन', 'किस्मत', एस. एस. वासन यांचा 'चंद्रलेखा'. उदय शंकर यांचा 'कल्पना'. त्या 'कल्पना'चं पुढे पुण्यात जपलेल्या सामग्रीवरून पुनरुज्जीवन झालं आणि २०१२ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. १९८२ मध्ये नायर संचालक झाले आणि एप्रिल १९९१ मध्ये निवृत्त झाले. तोवर संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट जमले होते. त्यांतले सुमारे ८,००० भारतीय.

निवड कोण करणार

१२,००० हा आकडा एका भूमिकेतून आलेला आहे. कुठला चित्रपट थोर आणि कुठला टाकाऊ, हे ठरवणं संग्रहकाचं काम नाही, असं नायर मानत. मारधाडीचे, पौराणिक, पडलेले, विसरलेले, सगळेच जपायचे. जोडीला पोस्टर, छायाचित्रं, गाण्यांच्या पुस्तिका. तिकिटाचं अर्धुक जपणारा मुलगा इथे मला लख्ख दिसतो. तिकीट जपताना त्यानेही सिनेमा चांगला होता की वाईट, असं विचारलं नव्हतं.

यावर आक्षेप घेतला जातो की पैसा आणि जागा मोजकी असताना सगळं जपणं परवडत नाही, निवड करावीच लागते. व्यवहारात हा आक्षेप खरा आहे. तरीही माझा कौल नायर यांच्या बाजूने आहे. चांदीसाठी फिल्म धुणाऱ्यानेही एक निवडच केली होती, त्याच्या काळाच्या समजुतीप्रमाणे. शंभर वर्षांनी कुणाला काय लागेल, हे आज सांगता येत नाही. सुमार चित्रपटाच्या मागच्या बाजूला दिसणारी ट्राम, रस्त्यावरच्या पाट्या, बायकांच्या साड्या नेसण्याची पद्धत, हे उद्याच्या इतिहासकाराचं साधन असू शकतं.

अंधारातला छोटा टॉर्च

पुण्यात त्या काळी शिकलेली माणसं एक दृश्य हमखास सांगतात. थिएटरमध्ये अंधार, पडद्यावर सिनेमा, आणि एका खुर्चीत छोट्या टॉर्चच्या उजेडात नायर वहीत नोंदी करताहेत. कुठल्या रिळात काय आहे, प्रिंट कुठे खराब आहे, कुठला तुकडा गळला आहे. हजारो चित्रपटांतला अमुक प्रसंग कितव्या रिळात, हे ते तोंडपाठ सांगू शकत, असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं. तंबूतल्या वाळूवर सुरू झालेलं बघणं थांबलेलं नव्हतं. फक्त त्याला आता वही मिळाली होती.

जपलेलं दाखवायचं की कुलूपबंद ठेवायचं, हा जगभरच्या संग्रहालयांतला जुना वाद आहे. दाखवलं की प्रिंट झिजते, न दाखवलं तर कुणासाठी जपायचं? नायर दाखवणाऱ्यांतले. इन्स्टिट्यूटच्या मुलांना त्यांनी जगभरचे चित्रपट सतत उपलब्ध करून दिले. प्रा. सतीश बहादूर यांच्याबरोबर रसास्वाद शिबिरं चालवली. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम् संस्थेच्या साथीने त्यांनी 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्हज' यांसारखे चित्रपट शेतकऱ्यांपुढे नेले आणि ते लोकांना भिडले. जागतिक सिनेमा शहरी शिकलेल्यांनाच कळतो, या समजुतीला त्या गावाने उत्तर दिलं. वाळूवर बसून सिनेमा बघितलेल्या माणसाला प्रेक्षकाविषयी तेवढा विश्वास असणारच.

शेजारची दोन उदाहरणं ठेवली की हे प्रकरण अधिक उजळतं. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझचे एक संस्थापक आंरी लांग्लुआ १९१४ मध्ये स्मिर्ना शहरात जन्मले. १९२२ च्या आगीत ते शहर उद्ध्वस्त झालं, आणि हा मुलगा पुढे फ्रान्समध्ये फिल्मचे डबे जमवत राहिला. इंग्लंडच्या केव्हिन ब्राउनलो यांच्या हाती शाळकरी वयात आबेल गान्सच्या 'नेपोलियन' या १९२७ च्या मूकपटाची दोन रिळं आली. तो चित्रपट पुन्हा सबंध उभा करण्यात त्यांची पुढची दशकं गेली, आणि १९७९ मध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या गान्सच्या डोळ्यांदेखत त्याचा मोठा खेळ झाला. तिघांतही सारखं काय? हरवण्याची जाणीव लवकर आली आणि ती एका वस्तूशी बांधली गेली: डबा, रीळ, तिकीट. वस्तू नसती तर ती जाणीव हळहळ होऊन विरून गेली असती, असं मला वाटतं.

प्रकरणाच्या मर्यादा

एका माणसाच्या ध्यासावर उभी राहिलेली संस्था तो माणूस बाजूला झाल्यावर डळमळते, आणि इथेही ते घडलं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या एका कोठारात आग लागली आणि नायट्रेटवरचे मोठ्या संख्येने चित्रपट जळाले. प्रभातच्या मूळ सामग्रीचाही त्यात घास गेला. अनेकांच्या, सहज न पेटणाऱ्या 'सेफ्टी' फिल्मवरच्या प्रती आधी काढलेल्या होत्या म्हणून ते चित्रपट आपण आज पाहू शकतो, पण मूळ पट्टीची जागा प्रत घेत नाही. निवृत्तीनंतर नायर हे सगळं बाहेरून बघत होते, लिहीत होते, बोलत होते. ज्ञान त्यांच्या डोक्यात आणि वह्यांत होतं. ते व्यवस्थेत किती उतरलं, हा प्रश्न या प्रकरणात उघडाच राहतो.

दुसरी गोष्ट योगायोगाची. तिकिटं जपणारी मुलं त्या पिढीत आणखीही असणार. त्यांच्यातल्या बहुतेकांची अर्धुकं एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत गेली असतील. नायर अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरी शोधत असताना पुण्यात इन्स्टिट्यूट नुकतं सुरू झालं होतं आणि चार वर्षांच्या आत संग्रहालय निघालं. ते दहा वर्षं आधी जन्मले असते तर अशा कामाला पगार देणारी जागाच नव्हती. बाबूराव पेंटरांच्या काळी कोल्हापुरात सिनेमावर जीव टाकणारी माणसं कमी नव्हती. डबे सांभाळणारं सरकारी कोठार नव्हतं. आवड दिशा देते, एवढं या प्रकरणातून म्हणता येतं. आयुष्य उभं राहायला त्या दिशेला एखादं दार असावं लागतं, आणि हे दार घडवण्यात नायर यांचा स्वतःचाही हात होता.

२०१२ मध्ये शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट काढला. त्याला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये चित्रपट जतनासाठी फिल्म हेरिटेज फाउंडेशन सुरू केलं. नायर ४ मार्च २०१६ रोजी पुण्यात गेले.

काम संपलेलं नाही. नाशिक, कोल्हापूर, सांगली, पुणे इथल्या वाड्यांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या टॉकीजच्या खोल्यांत, फिरत्या सिनेमावाल्यांच्या वारसांकडे डबे असू शकतात. असा डबा सापडला तर तो उन्हात किंवा दिव्याजवळ उघडू नका, चालवून बघण्याचा मोह टाळा. पट्टीच्या काठावर 'सेफ्टी' असं छापलं आहे का ते पाहा. नसेल तर ती नायट्रेट असू शकते, तिला आगीपासून लांब, थंड आणि हवेशीर जागी ठेवा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेटची, म्हणजे सेफ्टी प्रकारातली पट्टी आहे आणि सडायला लागली आहे, तेव्हा वेळ दवडू नका. डब्यावरचं लेबल, आतली चिठ्ठी, सोबतची पुस्तिका यांतलं काही फेकू नका. मग पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. एकच रीळ असलं, अर्धंच असलं, नाव कळत नसलं, तरी कळवा.